निवांत

"मी एक खोली बघितलीय," बायको म्हणाली तेव्हा तो पावाला लोणी लावत होता. लोणी नुकतंच फ्रीजमधून काढलेलं, दगडासारखं. ते पसरत नव्हतं आणि सुरीच्या प्रत्येक फटकाऱ्याबरोबर पाव मात्र फाटत होता. त्यामुळे पहिले काही क्षण त्याचं सगळं लक्ष त्या फाटणाऱ्या पावाकडेच राहिलं. मग त्याला वाटलं, तिच्या शाळेत कुणी नवीन शिक्षिका आली असेल, तिच्यासाठी शोधत असेल. बायको भूगोल शिकवायची, आणि शाळेतल्या नवख्यांना खोल्या, डॉक्टर, शिंपी शोधून देण्याची तिला हौस होती. "कुणासाठी?" त्यानं विचारलं. "माझ्यासाठी," ती म्हणाली. "दवाखान्यामागच्या गल्लीत. तिसरा मजला. स्वयंपाकघर इवलंसं आहे, पण खिडकी मोठी आहे." नळाचा वॉशर बदलायला हवा, असं सांगावं तितक्या साध्या आवाजात ती हे बोलली आणि चहावरची साय चमच्यानं काढून बशीच्या काठावर ठेवली. त्यानं सुरी खाली ठेवली. काहीतरी बोलायला हवं हे त्याला कळत होतं. तोंडात शब्द गोळा होतायत असंही जाणवलं, आणि मग त्याच्या कानांवर त्याचाच आवाज पडला, "लिफ्ट आहे का?"  बायको हसली, आणि हसताना तिचे डोळे भरून आले. "नाही रे," ती म्हणाली, "लिफ्ट नाहीये," आणि कपबशी उचलून आत गेली.

प्रयोगशाळेकडे जाताना सबंध रस्ताभर ते तीन शब्द त्याच्या मागे लागले होते. जगात इतके प्रश्न होते. का, कधीपासून, माझं काय चुकलं. अगदीच काही नाही तर वेड लागलंय का तुला. आणि त्याला सुचली ती लिफ्ट. बसमध्ये शेजारचा माणूस वर्तमानपत्र मोठ्यानं उलगडत होता. तो कागदाचा आवाज त्याला असह्य झाला आणि एक थांबा आधीच तो उतरला. फुटपाथवर नुकतंच पाणी मारलेलं होतं. बूट चपचपत होते. आपली बायको आपल्याला सोडून चाललीय हे वाक्य त्यानं मनात म्हणून बघितलं, तर ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटलं, ऐकीव. भांडण नाही, तंटा नाही. दोघांपैकी कुणाच्याही आयुष्यात तिसरं माणूस नाही. कालच रात्री तिनं त्याच्या शर्टाचं बटण लावून दिलं होतं, आणि दोरा दातानं तोडताना तिचं कपाळ त्याच्या छातीला टेकलं होतं. हे बटण लावताना तिच्या मनात ती मोठी खिडकी होतीच की. त्यानं नकळत बटण चाचपलं. घट्ट होतं.

त्याचं काम धातूच्या काचेवर होतं. हे सांगितलं की लोक हमखास खिडकीच्या काचा आणि आरसे डोळ्यांपुढे आणायचे, आणि मग त्याला समजावून सांगावं लागायचं. धातू वितळवून सावकाश निवू दिला, तर त्यातले अणू आपापल्या जागा शोधून शहाण्यासारखे रांगेत बसतात. पण तोच रस गरगर फिरणाऱ्या थंड तांब्याच्या चाकावर सोडला, तर तो पापणी लवायच्या आत गोठतो. अणूंना रांग लावायला सवडच मिळत नाही. जो जिथे असेल तिथे, ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत अडकून पडतो. बाहेर येते ती चकचकीत, कागदाहून पातळ फीत. धातूच, पण आतून काचेसारखी विस्कळीत. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यानं बायकोला चाक दाखवायला नेलं होतं. चाकावरून सळसळत सुटलेली फीत बघून ती लहान मुलासारखी ओरडली होती. फीत गार झाल्यावर तिनं ती दुमडली, पुन्हा दुमडली, मनगटाला गुंडाळली, आणि ती तुटत नाही म्हटल्यावर तिची चक्क वेणी घालायला लागली. मग त्यानं दुसरी फीत दिली, भट्टीत मंद आचेवर बरेच दिवस ठेवलेली. दिसायला अगदी तशीच. तिनं वाकवली आणि कट्कन मोडली. "हिला काय झालं?" तिनं दचकून विचारलं. "ती निवांत झालीय," तो म्हणाला. "आम्ही तसंच म्हणतो. ऊब मिळाली की आतले अणू हळूहळू सरकत सरकत जरा बरी जागा पकडतात. एकमेकांच्या जवळ येतात. मधली मोकळी जागा कमी होते." "म्हणजे चांगलंच की." "चांगलं आणि वाईट. घट्ट होते, पण ठिसूळही होते. वाकता येत नाही मग." ती मोडलेल्या दोन तुकड्यांकडे बघत राहिली. "अजबच आहे तुमचं शास्त्र," ती म्हणाली, "निवांत झालेलं माणूस मोडतं म्हणे!" पुढे कितीतरी दिवस हा त्यांच्या घरातला विनोद होता. तिला राग आला की ती दारातूनच बजावायची, "आज मी फार निवांत आहे हं, जपून!" हा विनोद कधी बंद झाला, ते त्याला आठवेना.

प्रयोगशाळेत भट्टीची बारीक घरघर चालू होती. सध्याचा प्रयोग दिसायला फारच मिळमिळीत होता. फितीचा तुकडा दोन चिमट्यांत धरायचा, थोडा ताणायचा, आणि मग त्याची लांबी अजिबात बदलू द्यायची नाही. बस्स. बाहेरून काही घडत नाही. फीत तेवढीच राहते, चिमटे जागचे हलत नाहीत. फक्त तिला तेवढं ताणून धरायला लागणारं बळ कमी कमी होत जातं, कारण आत अणू सरकत असतात, तडजोड करत असतात. जास्त गरम केलं तर हा उतार गुळगुळीत येतो, लोण्यातून सुरी जावी तसा. पण तापमान कमी ठेवलं आणि ताण जास्त, तर गेल्या काही आठवड्यांत संगणकाच्या पडद्यावर वेगळंच दिसत होतं. रेघ तासन्‌तास सपाट राहायची, सगळं शांत. आणि मग एकदम पायरीसारखी खाली यायची. पुन्हा सपाट. पुन्हा पायरी. त्याला शंका होती की हे इमारतीचं काम असणार. कुणी दार आपटलं, खालून ट्रक गेला. सूक्ष्मदर्शकाचा विभाग सांभाळणारी त्याची सहकारी (तिच्या दरडावण्यामुळे सगळे तिला बाईसाहेब म्हणत) त्याला म्हणाली होती, "मग फीत न ताणता, सैल सोडून बघ ना. ट्रक काय ताण बघून जातो?" ते सैल फितीचं मोजमाप आज सकाळी पुरं झालं होतं. त्यानं आलेख उघडला. एकही पायरी नव्हती. म्हणजे ट्रक नव्हता, दार नव्हतं. पायऱ्या आतल्याच होत्या. जी शांतता दिसत होती तिच्यात काहीतरी साठत होतं, आणि साठलं की एका दमात सुटत होतं.

असं काही सापडलं की तो बायकोला फोन करायचा. तिला त्यातलं सगळं कळायचं असं नाही, पण मधल्या सुट्टीत मुलांच्या गलक्यात उभी राहून ती ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "थोडक्यात काय, तू बरोबर होतास." त्यानं फोन उचलला, तिचा नंबर काढला आणि थांबला. आज हे सांगितलं तर ती काय म्हणेल? कदाचित नेहमीसारखंच म्हणेल. ते जास्त भयंकर. फोन त्यानं टेबलावर पालथा ठेवला. बाईसाहेब आत डोकावल्या. "काय रे, जमलं का?" "जमलं. खऱ्याच आहेत पायऱ्या." "मग सुतकी चेहरा कशाला? पेढे... नाही, निदान चहा तरी पाज. घरी सगळं ठीक ना?" "हो," तो म्हणाला, "सगळं निवांत." आणि स्वतःच्याच शब्दानं त्याला ठसका लागला. इतका, की बाईसाहेबांना त्याच्या पाठीवर थापट्या मारायला लागल्या.

निवांतपणा ही त्याची कमाई होती. त्याच्या लहानपणीच्या घरात त्याचे वडील ओरडायचे. मारायचे नाहीत, फक्त ओरडायचे. पण तो आवाज भिंतींतून, कपाटातून, जेवणाच्या ताटातून यायचा. संध्याकाळी जिन्यावर त्यांची पावलं वाजली की आई रेडिओ बंद करायची आणि तो हातातलं पुस्तक मिटून, पाय जवळ घेऊन, जितकं लहान होता येईल तितका लहान व्हायचा. आपल्या घरात आवाज चढणार नाही, असं त्यानं तेव्हा कधीतरी ठरवलं, आणि ते पाळलं. पहिल्या वर्षांत बायको भांडायची. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा तिचा खणखणीत आवाज, तिचे हातवारे, एकदा तर तिनं उशी फेकली होती. तो गप्प बसायचा. फिरून यायचा. परत आल्यावर हळू आवाजात म्हणायचा, "तू म्हणतेस तसं करू." हळूहळू ती भांडायची थांबली. पाहुणे म्हणायचे, तुमच्या घरात किती शांत वाटतं हो. त्याला बरं वाटायचं. त्यांचा मुलगाही तसाच वाढला, कधी दार न आपटणारा. बायको काय म्हणायची पाहुण्यांना? आठवायचा त्यानं प्रयत्न केला. ती उठून चहा टाकायची. बहुतेक काहीच म्हणायची नाही.

संध्याकाळी दुसऱ्या शहरातून मुलाचा फोन आला. हवेच्या, कामाच्या गोष्टी झाल्यावर मुलगा जरा घुटमळला. "बाबा, आईनं सांगितलं ना तुम्हाला?" "तुला माहीत होतं?" "सुट्टीत आलो होतो तेव्हाच म्हणाली होती. मला वाटलं, तुमचंही बोलणं झालं असेल." पलीकडे कुणीतरी भांडी लावत होतं, सुनेचा आवाज येत होता. "तुम्ही ठीक आहात ना?" मुलानं विचारलं. "हो हो. तू काळजी करू नकोस." "मला वाटलंच होतं तुम्ही असंच म्हणाल," मुलगा म्हणाला. त्यात राग नव्हता. तोच साधा आवाज, आईसारखा. किंवा आपल्यासारखा, त्याला वाटलं. सुट्टी म्हणजे कितीतरी महिने झाले. इतके दिवस या घरातले दोघेजण जाणून होते आणि तिसरा रोज सकाळी वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होता.

जायचा दिवस शनिवारचा ठरला. त्यानं रजा घेतली. खोकी आणली, चिकटपट्टी आणली, आणि सकाळपासून तिचं सामान बांधायला लागला. तिचे नकाशे त्यानं गुंडाळ्या करून नळीत घातले. पृथ्वीचा गोल जुन्या चादरीत गुंडाळला. काचेची भांडी एकेक कागदात लपेटून अशी बसवली की खोकं हलवलं तरी आवाज येऊ नये. हात कामात होते तोवर बरं होतं. हातांना माहीत होतं काय करायचं. बायको दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. "किती व्यवस्थित बांधतोयस," ती म्हणाली. "वाटेत फुटायला नको." "मी तुला सोडून चाललेय आणि तू माझे कप कागदात गुंडाळतोयस." त्यानं वर बघितलं. तिचा आवाज अजून चढला नव्हता, पण गळ्याची शीर ताठ झाली होती. "एकदाही तुला म्हणावंसं वाटलं नाही, जाऊ नकोस?" "तू ठरवलं होतंस," तो म्हणाला. "हो, ठरवलंय. आणि जाणारच आहे. तरीही विचारतेय." त्याच्या हातात चिकटपट्टीचं टोक होतं, ते बोटालाच चिकटून बसलं, सुटेना. "मला वाटलं, तुला अडवणं बरं नाही." "बरं! तुझं सगळं आयुष्य या बरं-वाईटात गेलं. माझा भाऊ वारला तेव्हा मी महिनाभर या खिडकीत बसून होते. तू रोज चहा आणून ठेवायचास आणि पाऊल न वाजवता निघून जायचास. पाऊल न वाजवता! मला वाटायचं, एकदा तरी माझ्याबरोबर रड, नाहीतर खेकस माझ्यावर, म्हण, पुरे आता, ऊठ. घरात माणूस आहे असं तरी वाटू दे." तिला दम लागला. त्यानं मोठ्या कष्टानं बोटाची पट्टी सोडवली. "मला भीती वाटते," तो म्हणाला. इतक्या वर्षांत हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. "आवाज एकदा चढला की मग तो थांबणारच नाही, असं वाटतं. वडिलांचा थांबायचा नाही."  ती जवळ येऊन त्याच्या समोर जमिनीवर बसली, खोक्याच्या पलीकडे. "हे तू मला कधी सांगणार होतास?" तिनं विचारलं.  खालून टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. ती उठली, पदरानं तोंड पुसलं. खोकी खाली गेली. शेवटचं खोकं चढल्यावर तो टेम्पोत बसायला लागला, तर तिनं त्याच्या दंडाला धरून थांबवलं. "आज नको. आज मला एकटीला लावू दे सगळं. नंतर ये, वाटलं तर. पण मी बोलवीन म्हणून वाट बघत बसू नकोस. बोलावणार नाही मी."

घर मग मोठं झालं. शांतता त्याच्या सवयीची होती, पण ही वेगळी होती. आधीची दोघांची होती. तिच्यात दुसऱ्या खोलीतल्या पेनाची कुरकुर असायची, पान उलटल्याचा आवाज असायचा, खुर्ची सरकायची. आता फ्रीजची मोटर बंद पडली की तो कान टवकारायचा. तिच्या कपाटात हँगर उरले होते आणि वाऱ्यानं ते एकमेकांना लागायचे. एक दिवस त्यानं ते सगळे काढले. दुसऱ्या दिवशी आवाज येईना म्हणून परत लावले. सकाळी लोणी आधी बाहेर काढून ठेवायची अक्कल त्याला आली होती, पण एकट्याला एवढा पाव संपत नव्हता. प्रयोगशाळेत तो उशिरापर्यंत बसेनासा झाला. तिथून निघून रस्त्यांवर भटकायचा. दवाखान्यापर्यंत जायचा. औषधांच्या दुकानाच्या उजेडात उभा राहायचा, समोरच्या गल्लीकडे बघायचा, आणि परत फिरायचा. मोठ्या खिडक्या पुष्कळ होत्या. एकीत कुणीतरी हात वर करून पडदा अडकवत होतं, पण ती बाई ठेंगणी होती. रोज त्याला वाटायचं, उद्या ती बोलावील. बोलावणार नाही असं तिनं सांगितलं होतं, तरी हाडात मुरलेली सवय वाट बघतच होती. बाईसाहेबांना एव्हाना कुठून तरी कळलं होतं. त्यांनी काही विचारलं नाही; फक्त एकदा पडद्यावरच्या पायऱ्यांवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही पायरी येणार हे आधी कळतं का रे?" "नाही," तो म्हणाला, "आधीचा भाग अगदी सपाट असतो. काहीच दिसत नाही." "आणि येऊन गेल्यावर?" "जरा सैलावते फीत. पुन्हा थोडी हलू शकते." बाईसाहेबांनी मान डोलावली. खरं सांगायचं तर, त्यांना ते मोजमाप हवं होतं म्हणूनच त्यांनी विचारलं होतं; आकडे मागून घेऊन त्या निघून गेल्या. तो मात्र तसाच बसून राहिला, कितीतरी वेळ.

रविवारी दुपारी तो गेला. काही ठरवून गेला असं नाही. आंघोळ करून, शर्ट घालून, वर्तमानपत्रातलं कोडं उघडून बसला होता. एक आडवा शब्द अडला, आणि पेन ठेवून तो उठला तो सरळ निघालाच. दवाखान्याशी थबकला नाही, कारण थबकलो तर परत फिरू हे त्याला माहीत होतं. गल्लीत शिरून त्यानं एका इस्त्रीवाल्याला विचारलं, "शाळेतल्या बाई राहायला आल्यात, ती इमारत कुठली?" इस्त्रीवाल्यानं हातातल्या इस्त्रीनंच दाखवली. जिना अरुंद, कठडा तेलकट. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर त्यानं तेलकट झालेला हात रुमालाला पुसला. समोर लांब, अंधारा बोळ होता आणि बोळात चार दारं. चारही सारखी, एकाच हिरव्या रंगाची, कुणाच्याच दारावर पाटी नाही, घंटा नाही. कुठलं ठोठवायचं? तो मध्यभागी उभा राहिला. घसा साफ केला. "अगं," त्यानं हाक मारली. डावीकडचं दार किलकिलं झालं आणि एका म्हातारीनं डोकं बाहेर काढलं. "मला म्हणताय?" "नाही, नाही," तो गडबडला, "माझी बायको..." "मग नाव घ्या की तिचं! अगं म्हटलं तर मीपण 'अगं'च," म्हातारी म्हणाली आणि दार पुरतं न लावता आडून बघत राहिली.

नाव. त्याच्या लक्षात आलं, गेल्या कित्येक वर्षांत तिचं नाव आपण तोंडानं घेतलेलं नाही. मुलगा बाहेर गेल्यापासून घरात दोनच माणसं. अगं म्हटलं की पुरायचं. लोकांशी बोलताना 'ही' असायची, मुलाशी बोलताना 'तुझी आई', अर्जांवर पत्नी. कॉलेजात ते नाव तो मनातल्या मनात एकट्यानं घोकायचा. आता ते जिभेवर आणताना त्याला लाज वाटली, आणि भीतीही. बोळात फोडणीचा वास होता, कुठेतरी पाणी गळत होतं, म्हातारीचा एक डोळा फटीत चमकत होता. त्यानं हाक मारली. पहिल्यांदा आवाज बोळाच्या टोकापर्यंतही गेला नाही. त्यानं श्वास घेतला आणि पुन्हा हाक मारली, मोठ्यानं. इतक्या मोठ्यानं, की ते नाव चारही दारांवर आदळलं, जिन्यातून खाली गेलं आणि घुमून परत आलं, आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी रेडिओ बारीक केला. तिसऱ्या दारामागे खुर्ची सरकली. "आले, आले," आतून तिचा आवाज आला, मागच्या बाकापर्यंत पोचणारा, "ओरडतोस काय एवढा!"

तिनं ऐकलं होतं. कडी काढल्याचाही आवाज आला. तरी त्यानं आणखी एकदा हाक मारली.